स्टेडियम ट्रक घ्यायचाय? असोसिएटेड, टीएलआर, एक्सरे आणि मोहात पाडणारा रस्टलर

"मामा, मला ट्रक घ्यायचाय," भाचा फोनवर म्हणाला आणि मागून ताईचा आवाज आला, "इन्शुरन्स कोण भरणार?" ती मंडळी ॲरिझोनात राहतात, तिकडे ट्रक म्हटलं की दारात उभा राहणारा फोर्डच डोळ्यांसमोर येतो. टेबलावर मावणारा, रिमोटचा, एक दशांश आकाराचा ट्रक हवाय हे तिला समजावण्यात पहिली दहा मिनिटं गेली. पुढची सगळी चर्चा मी इथे उतरवतोय, कारण हाच प्रश्न आणखी दोन-तीन घरांतून आला आहे. मी स्वतः ओहायोत कार्पेटच्या ट्रॅकवर चालवतो आणि भाचा क्लेवर, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या मातीवर चालवणार आहे. एवढ्या एका फरकानं अर्धी उत्तरं बदलतात.

स्टेडियम ट्रक म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारी, पिकअपची बॉडी घातलेली, रुंद आणि जाड टायरची शर्यतीची गाडी. नाव आलं ते मिकी थॉम्प्सननं १९७९ पासून लॉस एंजेलिसच्या कोलिझियमसारख्या स्टेडियमांत माती टाकून भरवलेल्या खऱ्या ट्रकांच्या शर्यतींवरून. रिमोटच्या दुनियेत या वर्गाची जुनी भांडणं असोसिएटेड आणि लोसी या दोन कॅलिफोर्नियाच्या कंपन्यांमधली. १९९० च्या दशकात ट्रक म्हटलं की एक तर असोसिएटेडचा आरसी१०टी, नाही तर लोसीचा.

बगी, म्हणजे ट्रकचीच अरुंद, लहान टायरची बहीण, सोडून ट्रक का, हे आधी बघू. बगीच्या रुंदीला २५० मिलिमीटरची मर्यादा असते, ट्रक साधारण ३३० पर्यंत जातो. रुंद गाडी वळणात सहज उलटत नाही आणि मोठे टायर खड्डे पोटात घेतात. नवशिक्याच्या चुका ट्रक माफ करतो, बगी करत नाही. पण ट्रकची दुसरी बाजूही आहे. हा वर्ग मुख्यतः अमेरिकेतला. एक दशांश इलेक्ट्रिक ऑफ-रोडची जागतिक स्पर्धा १९८५ पासून होते, पण बगींचीच. त्यात २००८ साली ट्रॅक्सस कंपनीचा स्लॅश आला आणि शॉर्ट कोर्स ट्रकांच्या, म्हणजे चाकं झाकणाऱ्या बॉडीच्या ट्रकांच्या, लाटेनं स्टेडियम ट्रकचे पुष्कळ चालक पळवले. ती लाट ओसरली, बरेच जण परत आले, तरी प्रत्येक ट्रॅकवर आले असं नाही. म्हणून भाच्याला पहिलं काम सांगितलं ते गाडी बघायचं नाहीच. ट्रॅकवर जा आणि मागच्या तीन-चार आठवड्यांचे निकाल बघ. ट्रकच्या वर्गात दर वेळी पाच-सहा जण उतरले नसतील, तर बगी घे आणि हे पुढचं वाचू नकोस.

त्याच्या ट्रॅकवर नऊ जण होते. मग पुढे.

रस्टलरचा मोह

प्रत्येक मुलगा इथूनच सुरुवात करतो. ट्रॅक्ससचा रस्टलर दुकानाच्या दर्शनी भागात असतो, खोक्यातून काढला की चालतो, पाण्यात चालतो, पार्किंगमधल्या कठड्यावर आपटला तरी चालतो. आकारानं तो स्टेडियम ट्रकच आहे. मजेसाठी त्याच्यासारखी गाडी नाही, हे मी मनापासून म्हणतो.

शर्यतीत घोडं अडतं ते नियमांपाशी. क्लबमधला सर्वांत भरलेला ट्रक वर्ग बहुतेक ठिकाणी 'स्टॉक' असतो. त्यात तारेच्या ठरावीक वेढ्यांची (उदाहरणार्थ १७.५), सेन्सर असलेली ब्रशलेस, म्हणजे घासणारे कार्बनचे ब्रश नसलेली, मोटर लागते आणि ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा, 'ब्लिंकी' मोडमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे मोटरचा वेग वाढवणारी टायमिंगची कुठलीही इलेक्ट्रॉनिक जादू बंद आणि ती बंद आहे हे दाखवायला दिवा लुकलुकत राहतो. वेढ्यांचा आकडा जितका मोठा तितकी मोटर संथ, म्हणून सगळ्यांचा वेग जवळपास सारखा राहतो. साध्या रस्टलरमधली टायटन मोटर ५५० मापाची, ब्रश असलेली. वर्गाला ५४० मापाची लागते. महागड्या रस्टलर व्हीएक्सएलमधली व्हेलिनिऑन मोटर ब्रशलेस आहे, पण बिनसेन्सरची. म्हणजे मोटर बदला, ईएससी बदला, मग टायर बदला, कारण सोबत आलेले टायर क्लेवर साबणासारखे घसरतात, मग शॉक बदला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढं करूनही चेसिस उंच आणि लवचीकच राहतं.

एकच पळवाट आहे. बऱ्याच ट्रॅकवर नवशिक्यांचा वर्ग असतो आणि तिथे रस्टलर जसाच्या तसा उतरवता येतो. मूल आठ-दहा वर्षांचं असेल आणि गोडी टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर तोच घ्या. सोळा वर्षांच्या, सुट्टीत काम करून पैसे साठवलेल्या पोराला मात्र मी किटच, म्हणजे सुट्या भागांतून स्वतः जोडायची शर्यतीची गाडीच, सांगितलं.

माती की कार्पेट

असोसिएटेड, टीएलआर आणि एक्सरे या तिन्ही शर्यती किटांची तुलना करण्याआधी हे समजून घ्यावं लागतं. पूर्वी, असोसिएटेडच्या टी४ पर्यंत, मोटर मागच्या आसाच्याही मागे टांगलेली असायची. भुसभुशीत मातीत ते बरोबर होतं, वजन मागच्या चाकांवर पडलं की पकड मिळते. पुढे ट्रॅक घट्ट झाले, साखरेच्या पाण्यानं चिकट केले जाऊ लागले, कार्पेट आलं, आणि पकड इतकी वाढली की मागे जड असलेली गाडी वळायलाच तयार होईना. मग मोटर आसाच्या पुढे आली. लोसीच्या रेसिंग शाखेची, म्हणजे टीएलआरची '२२' ही मालिका सुरुवातीला दोन्ही प्रकारे जोडता यायची, हवी तर मोटर मागे, हवी तर मध्ये. असोसिएटेडनं टी५एममध्ये 'एम' अक्षरच मिड-मोटरचं घातलं. आज तिन्ही कंपन्यांचे ट्रक मिड-मोटरच आहेत.

उरलेला फरक गिअरबॉक्सच्या मांडणीचा. मोटर आडवी, जमिनीलगत झोपवली तर गाडीचा गुरुत्वमध्य खाली जातो. कार्पेटवर गाडी एका बाजूला कलंडत नाही आणि झपकन वळते. मोटर थोडी वर, मागे रेललेली ठेवली तर ॲक्सिलरेटर दाबताच वजन मागे सरकतं आणि निसरड्या क्लेवर चाकं पकड धरतात. किट घेताना हा प्रश्न आधी विचारायचा: यात कुठली मांडणी आहे, आणि दुसरी हवी असल्यास सुटे भाग मिळतात का?

आता तिघे

असोसिएटेडची टी६ मालिका ही बी६ बगीची मोठी बहीण. ही गोष्ट कागदावर किरकोळ वाटते, ट्रॅकवर सर्वांत मोठी ठरते. गिअरबॉक्स, डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरेन्शिअल), स्लिपर क्लच, बारीकसारीक स्पेसर, असं पुष्कळ सामान बगीशी जुळतं. आणि मी पाहिलेल्या क्लबांत बी६ नसलेली पिटमधल्या, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या जागेतल्या, टेबलांची रांग मला आठवत नाही. स्वभावानं गाडी सरळ आहे. तिच्याकडून आश्चर्याचे धक्के बसत नाहीत. मॅन्युअलमधल्या मूळ सेटिंगवर जोडली की मधल्या फळीतल्या चालकाला महिनाभर काही बदलावं लागत नाही. उडीवर ती अंदाजाप्रमाणे उडते. हवेत असताना ॲक्सिलरेटर दिला की नाक वर, ब्रेक दाबला की खाली, हे सगळ्याच ट्रकांत असतं, पण मोठ्या चाकांमुळे इथे ते फार ठळक जाणवतं. टी६ वर ते हाताला लवकर बसतं, असं माझं मत.

टीएलआर २२टी ४.० मला चालवायला जास्त आवडतो, हे कबूल करतो. मागची बाजू जमिनीला धरून राहते, खडबडीत झालेल्या ट्रॅकवर, दिवस संपत आल्यावर, तो थकत नाही. शॉक छान आहेत. शिवाय मागे हॉरायझन हॉबी या मोठ्या वितरकाचं जाळं आहे, त्यामुळे लहान गावातल्या दुकानदारालाही भाग मागवता येतो. खुपणारी गोष्ट एकच: कंपनीची बगी ५.० ला पोचली तेव्हाही ट्रक ४.० वरच राहिला. म्हणजे नव्या बगीचे सगळे भाग ट्रकला लागतील असं धरून चालू नका. घेण्याआधी पुढचा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात), मागचा हब आणि शॉक टॉवर, या तीन गोष्टी आज शेल्फवर आहेत का ते डोळ्यांनी बघा. लोसीचाच २२एस एसटी हा तयार जोडलेला, स्वस्त भाऊ आहे. नावावरून फसू नका, तो शर्यती किट नव्हे. पण रस्टलर आणि खरं किट यांच्यामधली पायरी हवी असेल तर वाईट नाही.

एक्सरे एक्सटी२ स्लोव्हाकियातल्या त्रेन्चिनहून येतो, हुडी कुटुंबाच्या कारखान्यातून. या लोकांची हत्यारंही प्रसिद्ध आहेत. माझ्या पिट बॅगेत गाडी कुठलीही असली तरी स्क्रूड्रायव्हर हुडीचे असतात. किट जोडताना कळतं की पैसे कुठे गेले. भाग एकमेकांत असे बसतात की कानस लागत नाही. छोटे प्लॅस्टिकचे इन्सर्ट बदलून सस्पेन्शनचा कोन अर्ध्या-एक अंशानं हलवता येतो. कार्पेटसाठी 'सी' आणि मातीसाठी 'डी' अशा वेगळ्या आवृत्त्या निघाल्या, म्हणून दुकानात जाण्याआधीच ट्रॅक ठरलेला हवा. कार्पेटवर, हात बसलेल्या माणसाकडे, ही तिघांतली सर्वांत धारदार गाडी आहे. पण ती तिघांत महाग, आणि आपल्या ट्रॅकवर दुसऱ्या कुणाकडे नसेल तर भाग टपालानंच येणार. पहिल्या ट्रकसाठी हे नाकापेक्षा मोती जड झालं.

खुंटीचा हिशेब

मी माझा पहिला ट्रक सगळं वाचून, तुलना करून, आकडे लिहून घेतला होता. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, दोष तिचा नव्हता. दोन तास गाडी चालवून ट्रॅकवर गेलो, तीन क्वालिफायर (पात्रता फेऱ्या) आणि मग मेन (अंतिम शर्यत) असा दिवस होता. दुसऱ्या क्वालिफायरमध्ये ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर आपटलो आणि पुढचा डावा आर्म तुटला. काही डॉलरचा प्लॅस्टिकचा तुकडा. ट्रॅकच्या दुकानात भिंतीभर खुंट्या होत्या, त्यावर दोन कंपन्यांचे आर्म लटकत होते, माझ्या कंपनीचा एकही नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं आपला डबा उघडून दाखवला, त्यातलं काही बसेना. उरलेला दिवस मी मार्शल म्हणून वळणावर उभा राहून दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ केल्या. नियमाप्रमाणे आपल्या शर्यतीनंतर एकदाच उभं राहायचं असतं. मी चार वेळा राहिलो, करायला दुसरं होतंच काय!

तेव्हापासून माझा सल्ला एका वाक्यात मावतो: ट्रॅकच्या दुकानात जा आणि कुणाचे आर्म खुंटीवर आहेत ते मोजा. शनिवारी दुपारी अडीच वाजता जो भाग हातात मिळतो, त्याच कंपनीचा ट्रक चांगला. चालकाच्या चुकीपुढे या तिन्ही गाड्यांतला फरक नगण्य आहे. देशभरात जिंकणाऱ्यांसाठी तो असेल, माझ्यासाठी आणि भाच्यासाठी नाही.

खोक्यात काय नसतं

तिन्ही शर्यती किटांच्या खोक्यात मोटर, ईएससी, सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर, रिमोट यांपैकी काही नसतं. टायरही बहुधा नसतात, आणि असले तरी तुमच्या ट्रॅकचे नसतात. या सगळ्याचा खर्च किटइतका, कधी जास्तही होतो, म्हणून बजेट दुप्पट धरा. टायर ट्रॅकवरच्या चांगल्या चालकाला विचारूनच घ्या. क्लेवर बुटक्या, आखूड दातांचे चालतात, कार्पेटवर टाचण्यांसारखे. चुकीचे टायर लावलेला एक्सरे बरोबर टायर लावलेल्या जुन्या टी४ च्या मागे राहतो, हे मी पाहिलं आहे. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) निवडताना बगीवाल्या मित्राचा आकडा उचलू नका. ट्रकची चाकं मोठी, म्हणून पिनियन लहान लागतो, नाही तर मोटर तापून बसते. ट्रॅकवर वेळ मोजायला ट्रान्सपॉन्डर लागतो, तो सुरुवातीला भाड्यानं मिळतो का विचारा.

जुना घ्यायचा असेल तर टी४ च्या पिढीपासून जरा लांबच राहा. त्यातले स्क्रू इंचाच्या मापाचे, नंतरच्या सगळ्या गाड्यांचे मिलिमीटरचे. दोन प्रकारची हत्यारं आणि एका डब्यात मिसळलेले स्क्रू हा स्वतंत्र मनस्ताप आहे. टी६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या मात्र चांगल्या भावात मिळतात. बघताना गाडी उलटी करा. चेसिसची खालची बाजू किती खरवडली आहे त्यावरून ती किती पळाली ते कळतं. मग एक मागचं चाक धरून दुसरं फिरवा. बॉल डिफ (बारीक गोळ्यांवर चालणारा डिफ) असेल आणि बोटाला वाळूसारखं खरखरलं, तर भाव कमी करून मागा.

आणि पुण्याला परतताना गाडी बरोबर नेणाऱ्यांसाठी: लिपो बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर टेप लावून. दोन सेलची ५००० एमएएचची बॅटरी ३७ वॉट-अवर भरते, विमानातल्या १०० च्या मर्यादेत आरामात बसते. मोठ्या सुटकेसमध्ये मोकळ्या बॅटऱ्या टाकायच्या नाहीत. तिथे आर्मच्या चार जोड्या टाका, कारण तिकडे खुंटी तुमच्या घरातलीच असणार.

भाच्यानं रविवारी दुकानातल्या भिंतीचा फोटो पाठवला. असोसिएटेडच्या अकरा खुंट्या, टीएलआरच्या चार, एक्सरेची एक, आणि तीही बगीची. खाली लिहिलं होतं, "मामा, टी६ घेतला. आई विचारतेय, पार्किंग कुठे करणार?"