पिकअपचे रबरी मडफ्लॅप: काळ्या रानातल्या वापरानंतर

गेल्या मृगाच्या तोंडावर माझ्या पिकअपला मागचे मडफ्लॅप, म्हणजे चाकामागं लोंबणारे चिखल-खडी अडवणारे पट्टे, बसवले. त्यानंतर २०२५ चा सप्टेंबर आला. त्या महिन्यात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सांगायची गरज नाही. मग सोयाबीनची काढणी झाली, तूर-हरभरा मोंढ्यावर (धान्याच्या बाजारात) गेला आणि आता ऊन तापायला लागलंय. म्हणजे चिखल, खडी, धूळ आणि ऊन, चारही गोष्टी त्या फ्लॅपनी बघितल्या. औसा तालुक्यातल्या गावांमधून लातूरच्या मोंढ्यावर माल नेणं हे माझं रोजचं काम. डांबरी रस्ता लागेपर्यंत सगळा पांदणीचा आणि काळ्या रानातला रस्ता.

गाडी जुनी घेतलेली. पुढे आधीच्या मालकानं लावलेले प्लास्टिकचे फ्लॅप होते, मागं काहीच नव्हतं. मागं फ्लॅप नसलेल्या पिकअपच्या पाठीमागं पावसाळ्यात मोटारसायकल चालवून बघा. रस्त्याच्या कामाची बारीक खडी टायरच्या नक्षीत अडकते आणि गाडीनं वेग धरला की सुटते, थेट मागच्याच्या तोंडावर. मागं एखादा माणूस टाकीवर लेकरू बसवून येत असतो. फ्लॅप लावायचं माझ्या लेखी पहिलं कारण हे. टेललाइट फुटत नाही, नंबर प्लेट दिसते, हौद्याच्या खालचा पत्रा सडत नाही, हे फायदे आहेतच, पण ते नंतरचे.

बाजारात तीन प्रकार मिळतात. प्लास्टिकचे स्वस्त आणि दिसायला चांगले, पण आपल्याकडच्या उन्हात ते मऊ पडून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि थंडीत कडक होतात. माझ्या पुढच्या फ्लॅपपैकी एक डिसेंबरच्या थंडीत पहाटे दगड लागून कोपऱ्यातून तडकला. दुसरा प्रकार खडी क्रशरच्या जुन्या बेल्टचा. भंगारवाल्याकडून तुकडा आणायचा, कापायचा, लावायचा. गावोगाव हाच चालतो, मिस्त्रीही म्हणाला, "मालक, बेल्टच टाका, जन्मभर बघायला नको." बेल्ट मजबूत असतो यात वाद नाही, आत कापडाचे थर असतात त्याच्या. तरी मी तो घेतला नाही.

कारण आमच्या भावकीतल्या एका पिकअपला बेल्टचेच फ्लॅप होते. रानातून रिव्हर्स घेताना मागचं चाक बांधावर चढलं आणि फ्लॅपचं खालचं टोक टायर आणि मातीच्या मधे सापडलं. बेल्टला काही झालं नाही. वरचा अँगल पिळला आणि हौद्याचा पत्रा बोल्टांसकट फाटून आला. ते पत्र्याचं काम फ्लॅपच्या कितीतरी पट महाग पडलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: ओढ बसली तर फ्लॅप फाटावा, हौदा फाटू नये. फ्लॅप पुन्हा घेता येतो. म्हणून मी साच्यातले, ६ मिलिमीटर जाडीचे साधे रबरी फ्लॅप घेतले. जोडी हजाराच्या आत बसली.

रबर घेताना दुकानातच कोपरा दुमडून दाबून बघा. दुमडलेल्या घडीवर बारीक चिरा दिसल्या तर ते रबर पावसाळाही काढणार नाही. कापलेली कडाही बघा. चांगल्या रबराची कड एकसारखी दिसते, भेसळीच्या रबरात दाणे आणि धाग्यांचे तुकडे दिसतात.

आता मापाचं. बहुतेक जण गाडी रिकामी उभी करून माप घेतात आणि तिथेच गडबड होते. माल भरला की पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या) सपाट होतात आणि हौदा खाली बसतो. माझी गाडी भरल्यावर मागून साधारण ४ इंच बसते. पण तेवढंच नाही. पाट्याचं पुढचं टोक पिनवर पक्कं असतं आणि मागचं शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, हलतं. पाटा सपाट झाला की तो लांबतो, आणि एक्सल किंचित मागं सरकतो. म्हणजे भरलेल्या गाडीत टायर फ्लॅपच्या जवळ येतो. रिकाम्या गाडीत दोन बोटांचं अंतर ठेवून बसवलेला फ्लॅप भरल्या गाडीत टायरला घासणार हे ठरलेलं.

काळ्या मातीत याचा त्रास दुप्पट होतो. पाऊस चालू असताना चिखल पातळ असतो, तो गळून जातो. खरी चिकट माती पाऊस उघडल्यावर, वापसा यायच्या, म्हणजे रान कामाजोगं सुकायच्या, आधी. ती टायरवर थरावर थर चढते, टायर आणि फ्लॅपच्या फटीत ठासून बसते आणि मग चाक फिरताना फ्लॅपलाच ओढून नेते. म्हणून टायर आणि फ्लॅपमधे रिकाम्या गाडीला मी ४ इंच अंतर ठेवलं. खडी मागं जाताना वर चढत जाते, म्हणून फ्लॅप चाकापासून लांब गेला की तेवढीच खडी अडवायला तो थोडा वर असला तरी चालतो. त्यामुळे खालची कड रिकाम्या गाडीला जमिनीपासून १० इंचांवर ठेवली, भरल्यावर ती ६ च्या आसपास येते. माझ्या रस्त्यांना हे जमलं. ज्यांची गाडी फक्त डांबरीवर चालते त्यांनी अंतर कमी ठेवलं तरी चालेल.

बसवताना हौद्याच्या आडव्या चॅनेलला भोकं पाडून अँगल बोल्टनं लावला, वेल्डिंग केलं नाही. कुठं वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीची वायर काढायला लावा, आजकालच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स बरंच असतं. ड्रिलच्या प्रत्येक भोकाला आतून रेड ऑक्साईड (गंज रोखणारा रंग) मारला. नुसते वॉशर टाकून फ्लॅप टांगू नका, सगळा भार भोकांवर येतो आणि रबर तिथूनच फाटत जातं. वरच्या कडेला पूर्ण रुंदीची २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी दाबली, नायलॉक नट (हादऱ्यानं सैल न होणारे) वापरले. त्या पट्टीची खालची धार मिस्त्रीकडून ग्राईंडरनं गोल करून घ्या. फ्लॅप दिवसभर त्या धारेवरच मागंपुढं वाकतो, आणि धार तशीच राहिली तर काही आठवड्यांत रबरावर सुरीनं ओढल्यासारखी सरळ रेघ पडते. ती रेघ वाढत जाऊन फ्लॅप एक दिवस अर्धा लोंबायला लागतो.

आणखी एक गोष्ट करून घेतली, तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. फ्लॅपच्या खालच्या आतल्या कोपऱ्याला एक भोक पाडून त्यात एस-हूक अडकवला. रानात उतरायच्या आधी फ्लॅप वर दुमडून तो हूक हौद्याच्या कडीत टाकायचा. रिव्हर्सला टायरखाली सापडायचा प्रश्नच उरत नाही. डांबरीला लागताना मात्र न विसरता खाली सोडायचा, नाहीतर लावून उपयोग काय! मोंढ्यात बघून दोघा-तिघांनी आपापल्या गाड्यांना असंच करून घेतलं.

आता आजची अवस्था. रबराला चीर नाही, रंग थोडा विटलाय. हायवेला वेग धरला की फ्लॅप मागं उडतो थोडा, पण फार नाही. टेललाइट शाबूत आहेत. हौद्याच्या मागच्या खालच्या पत्र्यावर पूर्वी खडीचे टोचे दिसायचे, तिथे नवीन टोचा नाही. सायलेन्सरच्या बाजूचा फ्लॅप मी थोडा बाहेर सरकवून लावला होता, तिथे रबर गरम होऊन वास आला नाही.

उणीवही आहे. बाजूनं उडणारं पाणी हे फ्लॅप अडवत नाहीत, शेजारून जाणाऱ्यावर ते उडतंच. त्यामुळे डबक्यातून जाताना गाडी हळू घ्यावीच लागते. दुसरं, पट्टी आणि हौद्याच्या मधल्या सांदीत माती साठते. ती ओली असतानाच खुरप्यानं काढावी, वाळली की सुटत नाही, आणि तशीच राहिली तर ओल धरून पत्रा आतून खाते. सप्टेंबरनंतर मी पट्टी एकदा सोडून बघितली, एका बोल्टाभोवती गंज सुरू झालेलाच होता. घासून पुन्हा रंग मारला.

पुढच्या तडकलेल्या जोडीच्या जागी आता रबरीच बसवणार आहे, येत्या मृगाच्या आत. पुढे गाडीला आधीपासून असलेली भोकंच वापरायची. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठं घासतो का ते बघायचं, आणि तेही हौद्यात माल असताना.