जावामध्ये मराठी नावांची फाइल: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिने रोज थोडं थोडं जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितेय. आमच्या गावच्या वाचनालयाची सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (साधा मजकूर, रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले) आहे, ती वाचायची, नाव शोधायचं, वर्गणी भरली की नोंद करायची, एवढाच प्रोग्रॅम आहे. पण स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आणि फाइल यात मी जे काही शिकले ते सगळं याच यादीने शिकवलं.

पहिले दोन महिने डबल इक्वलने (==) डोकं खाल्लं, ते मजकूर नाही तर दोन्ही एकच ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतली एकच वस्तू, आहे का ते बघतं. कोडमध्येच लिहिलेली दोन सारखी नावं तपासली की ट्रू येतं कारण जावा तो मजकूर एकदाच साठवून दोन्हीकडे तोच वापरतं, पण फाइलमधून वाचलेलं नाव म्हणजे वेगळा ऑब्जेक्ट, तिथे फॉल्स. मजकूरच ताडून पाहणारं इक्वल्स वापरा, विषय संपला. तसंच रिप्लेसने मजकुरात बदल केला तरी मूळ स्ट्रिंग तशीच राहते, नवीन मिळते ती व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायची.

फाइलमध्ये मात्र खरं नुकसान झालं. फाइलमध्ये लिहिणाऱ्या फाइलरायटरला दुसरा पॅरामीटर ट्रू (म्हणजे जुन्याच्या पुढे लिही) दिला नाही तर तो फाइल उघडतानाच आतलं सगळं पुसतो, काही लिहायच्याही आधी. मला हे माहीत नव्हतं आणि तीन आठवड्यांच्या नोंदी गेल्या, ग्रंथपाल काकांनी पावतीपुस्तकावरून परत भरून दिल्या, त्यांचे उपकार आहेत. तेव्हापासून आधी फाइलची कॉपी, मग लिहिणं.

दुसरं म्हणजे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या कोडने साठवायची ती पद्धत. माझ्या लॅपटॉपवर जावा २१, वाचनालयातल्या जुन्या विंडोज मशीनवर जावा ८. घरी सगळं व्यवस्थित आणि तिथे नावांच्या जागी भलतीच अक्षरं. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवू शकणारं एन्कोडिंग) डीफॉल्ट झालं, त्याआधी साधा फाइलरीडर मशीनचं एन्कोडिंग घ्यायचा. आता मी फाइल वाचायला उघडणाऱ्या न्यूबफर्डरीडरला यूटीएफ-८ स्वतः सांगते, आणि ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्येच उघडते म्हणजे मधेच एरर आली तरी फाइल बंद होते. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही सेव्ह केली की सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह येतं ज्याला बॉम म्हणतात, ते काढलं नाही तर पहिल्या ओळीतला पहिला शब्द कधीच जुळत नाही.

ओळ स्वल्पविरामांवर कापणाऱ्या स्प्लिटचंही एक सांगते. शेवटचे रकाने रिकामे असले तर स्प्लिट ते टाकूनच देतं, मग ज्यांचा फोन नंबर नाही त्यांच्या ओळीला प्रोग्रॅम कोसळायचा. स्प्लिटला दुसरा पॅरामीटर उणे एक दिला की सगळे रकाने राहतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. कुऱ्हाडे आडनावाच्या सभासद शोधताना सापडेनात. यादीत समोर दिसतंय, मी टाइप केलेलंही तेच दिसतंय, इक्वल्स म्हणतंय फॉल्स. एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी दोन्हींची लेंग्थ छापली, एक ८ आणि एक ९! जावा आपली अक्षरं मोजत नाही, आतले कोड मोजतं, म्हणून साध्या "मराठी"चेही ५ होतात. आणि कुऱ्हाडेतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, काही कीबोर्ड वेगळा ऱ आणि हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर काडीचाही फरक दिसत नाही. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा जावाचा नॉर्मलायझर लावून पाहिला, पण तो ही दोन रूपं एक करत नाही, शेवटी रिप्लेस हातानेच लिहिलं.

इथे मला क्लासचा, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणाऱ्या कोडच्या भागाचा, अर्थ कळला, मनापासून सांगते. सुरुवातीला ओळ कापण्याचं काम चार ठिकाणी कॉपी केलेलं होतं, नंतर सभासद नावाचा क्लास केला आणि ओळ घेणं, नाव स्वच्छ करणं, परत ओळ बनवणं सगळं त्याच्याकडे दिलं. त्यामुळे ऱ चा इलाज एकाच मेथडमध्ये (क्लासमधल्या एका कामाच्या कोडमध्ये) करावा लागला. शोधताना टाइप केलेलं नावही त्याच मेथडमधून जातं.

नवीन शिकणाऱ्यांनी जावा घ्यावं का? घ्या, पण सरावाला राम-श्याम न घेता आपल्या गावातली खरी नावं घ्या. सध्या मी क्रमवारीवर अडकलेय: जावाचं साधं सॉर्ट काळे आधी आणि काशीद नंतर लावतं, कारण अक्षरांच्या कोडक्रमात ळ हा ल आणि व यांच्या मधे आहे, आणि काकांना ळ ह च्या नंतरच हवाय, वर्णमालेत आहे तसा. म्हणून कोणतं नाव आधी ते ठरवणारा कंपॅरेटर लिहायला घेतलाय.