नऊ महिने, अकरा वाडगे: जुन्या-नव्या चिनीमातीने घर सजवल्यानंतर

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता नऊ महिने झालेत. अकरा वाडग्यांपैकी सहा मांडलेले आहेत, चार कपाटात गुंडाळून ठेवलेत, एक फुटला. चार जुने, सात हल्लीचे.

सुरुवातीला सगळे एका उघड्या फळीवर ओळीने लावले होते. भांड्यांच्या दुकानासारखं दिसायला लागलं. मला वाटलं, फार झालेत, किंवा रंग जमत नाहीत. म्हणून आधी अदलाबदल केली, मग कमी केले, तरी जीव लागेना. खरी गोम कळायला दोन महिने गेले: फळी माझ्या डोळ्यांच्या वर होती. वाडगा ही आत डोकावून बघायची वस्तू आहे. ग्लेझ म्हणजे मातीवरचा काचेसारखा लेप. भट्टीत तो वितळून खाली ओघळतो, तळाशी साठून दाट होतो आणि काठाशी इतका पातळ राहतो की खालच्या मातीचा रंग वर येतो. वरच्या फळीवर यातलं काहीच दिसत नाही, दिसतं ते नुसतं पोट. फोटो बघून घेतलेल्या वस्तूंची हीच फसगत. फोटो काढणारा कॅमेरा हवा तसा वरून धरतो, आपण घरात मान उंच करून फिरत नाही.

त्यानंतर एकच नियम ठेवला. ज्याची नक्षी बाहेरून आहे तो वर, ज्याचं ग्लेझ आत खुललंय तो कमरेच्या खाली. जुना निळा-पांढरा वाडगा एकटा वर गेला, त्याच्या पोटावर छापील नक्षीची पट्टी सगळीकडून फिरते. बाकीचे बुटक्या टेबलावर आणि खिडकीच्या कट्ट्यावर उतरले. एवढ्यानेच निम्मं काम झालं.

जुनं आणि नवं शेजारी ठेवायला मी बिचकत होते. माझा जुना सेलेडॉन, म्हणजे हिरवट ग्लेझचा वाडगा, फिकट हिरवा आणि नवा स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट मातीचा, जवळजवळ काळा तपकिरी, काठाशी गंजासारखा. कागदावर हे न जमणारं, प्रत्यक्षात ही घरातली सगळ्यात चांगली जोडी. नंतर वाचताना कळलं की दोन्ही रंग लोहाचेच. ग्लेझमध्ये लोह थोडं असलं आणि भट्टीत प्राणवायू कमी पडला, तर सेलेडॉनचा हिरवा येतो. लोहाचं प्रमाण बरंच वाढलं की तपकिरी-काळा. म्हणजे नातं आहे, फक्त तोंडावळा वेगळा. उलट एका साच्यातला, एका रंगातला तीन वाडग्यांचा नवा संच मी मोठ्या हौसेने घेतला होता. तो जिथे ठेवावा तिथे ‘सेट’ म्हणूनच दिसतो. कपाटातल्या चारांपैकी तीन तेच.

खिडकीत पातळ पांढरा पोर्सिलेनचा, म्हणजे अस्सल चिनीमातीचा, ठेवलाय. सकाळी त्यातून उजेड झिरपतो, बोट मागे धरलं तर सावली दिसते. बाकी खिडकीजवळ चकचकीत ग्लेझ ठेवूच नये. त्यात खिडकीचा पांढरा चौकोन उमटतो आणि रंग मरतो. तिथे मॅट बरं.

आता तक्रारी. क्रीम रंगाच्या जुन्या वाडग्यावर केसांएवढ्या रेषांचं जाळं होतं. जुनेपणाची शोभा समजून त्यात पाणी घालून फुलं तरंगत ठेवली. चौथ्या दिवशी उचलला तर लाकडावर गोल ओला डाग, तो अजून गेलेला नाही. तो वाडगा अर्दनवेअर, म्हणजे कमी आचेवर भाजलेल्या मातीचा. अशी भांडी साधारण 1000 ते 1150 अंश सेल्सिअसला भाजतात, त्यामुळे माती सच्छिद्र राहते. वर्षानुवर्षं ओल शोषून ती किंचित फुगते, वरचं काचेसारखं ग्लेझ ताणलं जातं आणि तडकतं. मग पाणी अडणार कुठे? स्टोनवेअर 1200 ते 1300 अंशांना भाजलेलं असतं, त्याची माती जवळपास घट्ट मिटते. म्हणून पाणी नव्यात, जुना कोरडा.

नव्यांमधल्या एकावर मात्र हे जाळं मुद्दाम आणलेलं आहे, क्रॅकल ग्लेझ. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे रात्री मधूनच ‘टिंग’ असा बारीक आवाज यायचा. आधी दचकले, मग त्याची वाट बघायला लागले. निवल्यावरही ग्लेझ हळूहळू तडकत राहतं, त्याचा तो आवाज.

सोनेरी काठाचा जुना वाडगा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ‘अखंड’ म्हणून घेतला. टिचकी मारली तर बद्द आवाज. धडधाकट पोर्सिलेन खणखणतं. अतिनील टॉर्च पाडला तेव्हा काठाचा एक तुकडा वेगळाच चमकला: टवका भरून वरून रंगवलेला. विक्रेत्याने तो परत घेतला नाही. आता माझा क्रम ठरलाय: आधी टिचकी, मग टॉर्च, आणि बुडावरचा कारखान्याचा शिक्का सगळ्यात शेवटी. शिक्क्यावर भिस्त ठेवायचीच नाही. जर्मनीतल्या माइसेनचा पोर्सिलेनचा कारखाना 1710 चा, त्याच्या एकमेकींना छेदणाऱ्या तलवारींच्या शिक्क्याची नक्कल पुढे कितीतरी जणांनी केली. त्यातल्या त्यात देशाचं नाव उपयोगी पडतं. 1891 पासून अमेरिकेत आयात मालावर ते घालावं लागे, त्यामुळे इंग्रजीत देश छापलेला वाडगा बहुधा त्यानंतरचा. ‘ऑक्युपाइड जपान’ (परक्या ताब्यातला जपान) असेल तर 1945 ते 1952 मधला. पण नाव नाही म्हणजे फार जुना, हा विक्रेत्यांचा आवडता तर्क लंगडा आहे.

जुन्यांतून मी काहीही खात नाही. जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, आणि भडक रंगांत आणखीही काही. होमर लाफलिन या अमेरिकी कंपनीच्या 1936 च्या फिएस्टा भांड्यांच्या लाल ग्लेझमध्ये युरेनियम ऑक्साइड होतं; 1943 मध्ये ते युद्धासाठी वळवलं गेलं आणि तो रंगच थांबला. नुसतं बघायला हरकत नाही, वाढायला नको.

निगा फारशी नाही. मऊ ब्रशने धूळ, कोमट पाणी, एवढंच. सोनेरी काठ चोळू नये. तो ग्लेझच्या वर कमी तापमानावर भाजलेला असतो, घासला की उतरतो. बुडाची गोल कड बिनग्लेझची आणि खरखरीत असते, तिने माझ्या टेबलावर अर्धवर्तुळं काढून ठेवली. आता प्रत्येकाखाली फेल्टच्या टिकल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

फुटला तो राखाडी मॅट, नवा, माझा सर्वात लाडका. सगळे वरच्या फळीवर होते तेव्हा दार आपटलं की ती थरथरायची आणि तो दर वेळी केसभर पुढे सरकत होता. मला ते दिसत नव्हतं. आता वरच्या निळ्या-पांढऱ्याखाली संग्रहालयांत वापरतात तसलं मेण वाटाण्याएवढं तीन ठिकाणी लावलंय. तुकडे पाच झालेत, जपून ठेवलेत. किन्त्सुगी, म्हणजे तुकडे जोडून सांधे सोनेरी करायची जपानी पद्धत, करायचा विचार आहे, पण खरी किन्त्सुगी उरुशी लाखेची. ती लाख ओलसर हवेत आठवडेच्या आठवडे वाळते आणि ओली असताना अंगावर पुरळ उठवू शकते. इपॉक्सी गोंदात सोनेरी पूड घालून तासाभरात काम होतं खरं, पण मला ते आवडलं नाही.

पुन्हा घ्यायचे झाले तर सहाच घेईन, आणि संच एकही नाही. तारे साडेतीन. अर्धा तारा टेबलावरच्या डागापायी गेला, आणि तो दोष वाडग्याचा नाही हे मला मान्य आहे.