एल्कच्या शिकारीला पँट कोणती: लष्करी लोकरीची की नायलॉनची?

अमेरिकेतल्या कोलोराडोत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी ऑक्टोबरअखेरच्या किंवा नोव्हेंबरच्या रायफल सीझनला पहिल्यांदा निघालेल्या आपल्या मंडळींना रायफलीपेक्षा कपड्यांचीच चिंता जास्त असते. शिकारीच्या नावाजलेल्या ब्रँडचा नखशिखांत संच घ्यायला गेलं तर टॅगपेक्षा, म्हणजे शिकारीच्या परवान्यापेक्षा, कपडे महाग पडतात, आणि बूट अजून घ्यायचेच असतात. वरच्या अंगाचं तसं सोपं आहे. आत पॉलिएस्टरचा पातळ बनियन, त्यावर फ्लीस, बसल्या जागी घालायला पफर जॅकेट. हे घरात असतंच, नसेल तर कुठेही स्वस्तात मिळतं. गाडं अडतं ते पँटवर.

जीन्स नको हे सांगायला नको. मग कमी पैशांत दोन पर्याय उरतात. एक, लष्करी सरप्लसच्या, म्हणजे लष्करानं काढून टाकलेल्या मालाच्या, दुकानातली जुनी लोकरीची पँट, चांगल्या अवस्थेत साधारण तीस ते पन्नास डॉलरला मिळणारी. दुसरी, ट्रेकिंगची नायलॉनची पँट, थोडा ताण घेणारी, सेलमध्ये जवळपास त्याच भावात. दोन्ही वापरून माझा कल लोकरीकडे झुकलाय, पण तो सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं म्हणणार नाही. इथे गृहीत धरलंय ते असं: तंबू ठोकून चार-पाच दिवस, उंची नऊ ते साडेदहा हजार फूट, गाडीपासून दोन-तीन मैल आत, पहाटे तापमान उणे दहा सेल्सिअसच्या आसपास आणि दुपारी ऊन पडलं की स्वेटर काढावासा वाटेल इतकं.

आधी नायलॉनची बाजू, कारण कागदावर तीच जिंकते. वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, तर लोकरीची पँट एक किलोच्या घरात जाते. ओढा ओलांडताना भिजली तर चालता चालता तासा-दोन तासांत वाळते. लोकर भिजली की तंबूत रात्रभर टांगूनही सकाळी दमट लागते. चढावर गुडघा उचलताना नायलॉन अडत नाही, लोकरीची पँट मांडीला ओढते. पाठीवर पंधरा किलो घेऊन दोन हजार फूट चढायचे असतील तर हा फरक पायांना नक्की कळतो.

लोकरीचं मोठं देणं म्हणजे ओलीतली ऊब. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के बाष्प धाग्याच्या आत सामावून घेते, तोवर हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णताही सोडते. नायलॉन त्याच्या कितीतरी आधी थांबतं, पॉलिएस्टर तर एक टक्काही घेत नाही, म्हणून घाम कापडाबाहेर कातडीवर साचतो आणि बसलं की गार पडतो. धनगराची घोंगडी पावसात भिजून जड होते, तरी खाली बसलेला माणूस कुडकुडत नाही, ते याच गुणामुळे. शिवाय शेकोटीची ठिणगी उडाली तर लोकर नुसती करपून विझते. नायलॉनला तिथल्या तिथे वितळून भोक पडतं, आणि ते कातडीला चिकटलं तर चटका वेगळाच.

पण वजन आणि ऊब एकमेकांत वजा केली तर सामना बरोबरीत सुटला असता. तागडी झुकवली ती आवाजानं.

कोलोराडोच्या पश्चिम आणि नैऋत्य भागात सात ते नऊ हजार फुटांच्या पट्ट्यात गॅम्बेल ओक या झुडुपी ओकच्या जाळ्या माजलेल्या असतात, कंबरेपासून डोक्यापर्यंत उंच. ऑक्टोबरअखेर त्यांची पानं वाळलेली, पण बरीचशी फांदीवरच असतात, आणि फांद्यांची टोकं काटक्यांसारखी कडक. त्यातून जाताना नायलॉनवर काटकी घासली की ‘झर्रर्र’ असा कोरडा, उंच पट्टीतला आवाज येतो. कापड थंडीनं ताठरलेलं असेल तर आणखी मोठा. त्यात चालताना दोन मांड्या एकमेकांना घासून ‘स्विश-स्विश’ सुरूच असतं, दुडक्या चालीच्या लयीत. दुकानात गर्दी आणि संगीत असल्यामुळे तो कानावर येत नाही. पहाटे साडेसहाला, वारा पडलेला असताना, तो स्वतःलाच नको होतो.

कोणी म्हणेल, पायाखाली ॲस्पनच्या झाडांची पानं चुरचुरत असताना पँटचं काय घेऊन बसलात? मुद्दा रास्त आहे. पण एल्कचा कळप स्वतःही पानं तुडवत, काटक्या मोडत चालतो. पावलाचा आवाज त्यांच्या ओळखीचा. दोन-तीन पावलं टाकून थांबलं तर तो फार खटकत नाही, असं मला तरी आढळलं आहे. कापडाच्या घासण्याला जंगलात जोड नाही. तो आला की कुरणात चरणारी मादी मान वर करते, कान फिरवते, आणि मग पाच मिनिटं एका पायावर उभं राहायची पाळी येते. लोकरीवर तीच काटकी घासली तर येतो तो मऊ, दबका ‘खस’ आवाज, पाच-सात पावलांवर विरून जाणारा. हे कुठल्या यंत्रानं मोजलेलं नाही, पण दबा धरून हळूहळू पुढे सरकायची पद्धत असेल तर एवढ्यावरच निकाल लागतो.

फ्लीसची पँट हा मधला मार्ग सुचवला जातो. आवाज करत नाही, खरं. पण वारा आरपार जातो, कुसळं आणि गोखरू मुठीनं लागतात, आणि बर्फात बसलं की बुडाशी गोळे चिकटतात. मी ती फक्त झोपताना वापरतो.

लोकर घ्यायची ठरवली तर डोळे उघडे ठेवून घ्या, कारण सरप्लसमध्ये सगळंच सोनं नसतं. पहिली गोष्ट कसर. पँट उजेडासमोर धरून काटा (दोन पाय जुळतात तो जोड), गुडघे आणि बूड तपासा. टाचणीएवढी दोन-चार भोकं रफू होतात, पण बोटानं ताणल्यावर कापड विरत असेल तर ठेवून द्या. दुसरं मिश्रण. आत लेबल असेल तर ऐंशी टक्क्यांवर लोकर आणि बाकी नायलॉन उत्तम, थोडं नायलॉन गुडघे टिकवतं. निम्म्यावर सिंथेटिक असलेली गणवेशाची चकचकीत पँट दिसते लोकरीसारखी, पण घासली की आवाज करते. तेव्हा नखाची परीक्षा: मांडीवरून नख जोरात ओढा. करकर ऐकू आली तर ती पँट ऑफिसला घाला.

माप नेहमीपेक्षा कंबरेला दोन इंच मोठं घ्यावं. आत पातळ लाँग जॉन्स (आतून घालायचे ऊबदार पायजमे) बसले पाहिजेत, लोकर चावते त्यावरही तोच उपाय. दुकानातच उकिडवे बसून पाहा. काट्यात ताणलं तर डोंगरात उसवणार हे धरून चाला. बऱ्याच लष्करी पँटींना चेनऐवजी बटणं असतात आणि गारठलेल्या बोटांनी ती काढणं हा एक वैताग आहे. काजं थोडी सैल करून घेतली की निभतं. पायाला बाहेरून दुमड असेल तर ती उसवून सरळ शिवून घ्या, नाहीतर तिच्यात बर्फ साठतो, वितळतो आणि थेट मोज्यात उतरतो. वरून गेटर (बूट आणि पोटरीवर चढवायची आवरणं) घातले की खालचा वीतभर भाग कोरडा राहतो.

सस्पेंडर, म्हणजे पँट खांद्यावरून पेलणारे पट्टे, घ्याच. एक किलोची पँट पट्ट्यावर टिकत नाही, सारखी खाली येते. शिवाय पाठपिशवीचा कंबरपट्टा पँटच्या पट्ट्यावर आवळला की बक्कल हाडात रुततं, आणि संध्याकाळपर्यंत तिथे वळ उठतो. सस्पेंडरमुळे कंबर सैल राहते, चढताना गरम हवा वरून निघून जाते. पण धातूच्या चिमट्यांचे नकोत. चिमटा निसटतो, आणि पिशवीच्या दाबाखाली टोचतो. बटणाला अडकवायचे चपटे घ्या. पँटला आतून बटणं नसतील तर सहा शिवून घ्यायची, पुढे चार आणि मागे दोन.

सरप्लसच्या पँटला डांबराच्या गोळ्यांचा वास हमखास असतो. चार-पाच दिवस उघड्या हवेत टांगली की बराचसा जातो. नंतर गार पाण्यात हलक्या हातानं धुवायची, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरून वाळवायची. ड्रायरमध्ये गेली तर ती पुढच्या वर्षी मुलाला होईल. साबण बिनवासाचा, आणि ‘जास्त उजळ’ करणारा तर मुळीच नको. त्यातली रसायनं अतिनील प्रकाशात चमकतात आणि हरणांना निळ्या-जांभळ्याकडचा प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो. भारतातून आणलेला रिठा घरात असेल तर लोकरीला त्यासारखं काही नाही. धुतलेले कपडे बंद डब्यात ठेवून गॅरेजमध्ये ठेवा, स्वयंपाकघराजवळच्या कपाटात नव्हे. हिंगाच्या फोडणीचा वास लोकर आठवडाभर सोडत नाही. अर्थात वास लपवण्याच्या मागे फार लागू नये. सकाळी थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर चढू लागते. ते न पाहता सावजाच्या वरच्या अंगाला गेलात तर रिठाही वाचवत नाही.

लोकर कुठे फसते तेही सांगायला हवं. कोरडा बर्फ तिच्यावरून झटकता येतो, पण ओला बर्फ किंवा तासभर पाऊस लागला तर ती पाणी पिऊन दुप्पट जड झाल्यासारखी लागते. त्यावर उपाय म्हणून पिशवीत दोनशे ग्रॅमची स्वस्त रेनपँट ठेवायची. ती भयंकर वाजते, पण तेवढा पाऊस पडत असताना ऐकणारं कोणी नसतं. ओली पँट तंबूतल्या शेगडीला चिकटवून वाळवू नका, हातभर लांब आणि उंच टांगा. जवळ धरली तर आटते आणि गुडघ्याला कडक पापुद्रा येतो. आणि भल्या पहाटे चढताना आत लाँग जॉन्स घालू नका. ते पिशवीत न्या, बसायच्या जागी पोचल्यावर, अंग गार पडायच्या आत घाला. बूट काढायचा कंटाळा येतो म्हणून माणसं खालूनच घालून निघतात आणि अर्ध्या चढावर आतून चिंब होतात.

आवाजाचं हेच गणित वरच्या कपड्यांनाही लावा. रायफल सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी लागते, कॅमोफ्लाजच्या नक्षीची नारिंगी त्यात धरत नाहीत. पाच डॉलरचं प्लॅस्टिकसारखं, सगळ्यांवरून चढवायचं बनियन नियमात बसतं, पण खालच्या लोकरीची सगळी पुण्याई धुऊन टाकतं. फ्लीसचं नारिंगी बनियन थोडं महाग असतं, तेच घ्या. पफर जॅकेटचं कापडही वाजतं, म्हणून ते जुन्या लोकरी शर्टाच्या किंवा मोठ्या मापाच्या फ्लीसच्या आत घालायचं. हातमोजे आणि मोजे साधे लोकरीचे चालतात. बुटांवर मात्र काटकसर करू नका, पँटमध्ये वाचलेले पैसे तिकडेच जाऊ देत.

मग नायलॉन कोणी घ्यावी? सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन जाणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावी, तेव्हा लोकरीत उकडून निघाल. झाडोऱ्याच्या वर, उघड्या धारेवर बसून दुर्बिणीनं लांबचे उतार धुंडाळायचे आणि मग तीनशे यार्डांवरून नेम धरायचा, अशी पद्धत असेल तरीही चालेल, तिथे घासायला काटक्याच नसतात. वजन कमी करायलाच हवं असे गुडघे असतील तर प्रश्नच मिटला.

माझ्या मते आदर्श तडजोड म्हणजे अंगावर लोकर आणि तंबूत एक जुनी नायलॉनची पँट. सावज पडलं की आवाजाला अर्थ उरत नाही. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस शंभर किलोच्या आसपास भरतं, म्हणजे पंचवीस-पंचवीस किलोच्या चार खेपा, आणि त्या घाम काढतात. तेव्हा नायलॉन चढवावी. रक्ताचे डागही गार पाण्यानं लगेच निघतात, लोकरीत ते मुरतात. नारिंगी बनियन मात्र शेवटच्या खेपेपर्यंत अंगावरच राहू द्या, आणि शिंगं पाठीवर बांधली असतील तर त्यांनाही नारिंगी फीत गुंडाळा.