९ इंची मायक्रोफायबर रोलर: भिंतीला उत्तम, दाराला नको

आतल्या भिंतींना इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, द्यायचा असेल तर १० ते १२ मिमी लवेचा (रोलरवरचे तंतू एवढे लांब) मायक्रोफायबर रोलर डोळे झाकून घ्यावा. तो रंग भरपूर धरतो, शिंतोडे कमी उडवतो आणि पुट्टी केलेल्या भिंतीवर पोत बारीक देतो. स्पंजचा रोलर बुडबुडे सोडतो, मोठ्या भिंतीवर तो नकोच.

घेताना सगळे लव चाचपतात, गाभा, म्हणजे आतली नळी, कोणी बघत नाही. पुठ्ठ्याचा गाभा धुण्याने फुगतो आणि लव सुटायला लागते, प्लास्टिकचा टिकतो. आतला व्यासही रोलर ज्यावर चढतो त्या दांड्याच्या फ्रेमशी जुळवून घ्यावा, कारण ३८ आणि ४४ मिमी अशी दोन्ही मापं मिळतात. सैल बसलेला रोलर फिरत नाही, घसरतो, आणि लावलेला रंग पुसून काढतो.

नवा असताना तंतू सोडतो, हा याचा खरा दोष. मास्किंग टेप गुंडाळून ओढली की सुटे तंतू निघून येतात. मग पाण्यात भिजवून चांगला झटकावा. ट्रेमधल्या रंगात अर्धाच बुडवून उतारावर पाच-सहा वेळा फिरवला, की लव सगळीकडून सारखी भरते.

भिंतीवर पट्टे उमटतात ते बहुतेक वेळा दाबामुळे. रोलर कोरडा पडत आला की हात आपोआप जोर लावतो, रंग दोन्ही टोकांनी पिळून निघतो आणि रेघा उठतात. तिथे जोर नाही, नवा रंग हवा. कोपरे आधी ब्रशने भरून घ्यावेत. मग एका वेळी मीटरभर रुंदी घ्यावी, शेजारची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढवावा. शेवटचा हात हलका, वरून खाली, एकाच दिशेने. पंखा बंद ठेवावा, नाहीतर कड लवकर वाळते. अर्धवट वाळलेल्या रंगावर पुन्हा रोलर फिरवला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, आणि तो नंतर घासूनच काढावा लागतो.

दार-खिडक्यांच्या ऑइल पेंटवर एवढ्या लवेचे ठिपके उठून दिसतात. तिथे ४ ते ६ मिमी लवेचा ४ इंची रोलर वापरावा.

काम थोडा वेळ थांबवायचं असेल तर रोलर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवावा. धुताना आधी रंग खरवडून डब्यात परत घ्यावा, पाणी नितळ येईपर्यंत धुवावा आणि उभाच वाळवावा. आडवा ठेवला तर एका बाजूची लव कायमची दबते.