ऑफिसात बसलेला एडिटर एडिटिंग करतच नव्हता

पगारावर ठेवलेल्या व्हिडिओ एडिटरने मला कितीला बुडवलं, तो आकडा आधी सांगतो, म्हणजे ‘थोडक्यात वाचलात’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. २,३८,३५० रुपये. चार महिन्यांचा पगार ४२,००० प्रमाणे १,६८,०००. घरी अडचण आहे म्हणून घेतलेली उचल ३०,०००. फुटेज साठवायची डिस्क (एसएसडी) १४,२००, ती तो सोबत घेऊन गेला. म्युझिक लायसन्सचे ११,७५०, जे त्याने कधी काढलंच नाही. आणि शेवटचे १४,४०० एका तिसऱ्याच मुलाला, ज्याला मी आजवर पाहिलेलं नाही.

आमचा शेतीच्या छोट्या अवजारांचा धंदा. यंत्र कसं चालतं हे दाखवणारे व्हिडिओ डीलर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात, त्यावर गिऱ्हाईक चौकशी करतं. फ्रीलान्सर ऐन हंगामात फोन उचलत नाहीत, म्हणून पगारी माणूस ठेवला. शोरील, म्हणजे जुन्या कामाचे नमुने, दुसऱ्याचं उचललेलं असतं, अनुभवपत्रावरचा नंबर मित्राचा असतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं? मलाही ठाऊक होतं. म्हणून तर टेस्ट घेतली! आमचंच कच्चं फुटेज दिलं, दुसऱ्या दिवशी तो फक्कड व्हिडिओ घेऊन आला. याहून जास्त कोण काय तपासतो? (तरी सांगतो, टेस्ट घरी नेऊ देऊ नका. समोर बसवा.)

आता तो दिवस. आठवला की अजून डोकं तापतं.

पॉवर वीडरची, म्हणजे तण काढायच्या यंत्राची, पंचेचाळीस सेकंदांची रील होती. यंत्र ५ एचपीचं, कॅप्शनमध्ये ७ एचपी. यंत्र त्याच्या टेबलापासून दहा पावलांवर उभं, त्यावर ५ चा आकडा लांबूनही वाचता येईल एवढा मोठा. मी म्हटलं, “एवढा आकडा बदल, लगेच डीलरला पाठवायचंय.” तर म्हणतो, “सर, पुन्हा रेंडर करावं लागेल. उद्या सकाळी देतो.” (रेंडर म्हणजे बदल करून व्हिडिओ पुन्हा तयार काढणं.) अरे, एका आकड्यासाठी रात्रभर? बरं, मी त्याच्या खुर्चीमागेच उभा होतो. स्क्रीनवर प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडं, टाइमलाइनवर रंगीबेरंगी पट्ट्या, कानावर हेडफोन. मी ‘बरं’ म्हणून निघून आलो. त्या क्षणी “माझ्यासमोर बदल” एवढं म्हणालो असतो, तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. पण मी यंत्रं बनवणारा माणूस, रेंडरला किती वेळ लागतो हे मला कुठून कळावं? आता कळलंय. साध्या ऑफिस कॉम्प्युटरवरसुद्धा तेवढी रील काही मिनिटांत निघते.

झालं होतं असं. दिवसभर तो आमचं फुटेज ऑनलाइन ड्राइव्हवर चढवायचा. विचारलं की “बॅकअप घेतोय सर.” रात्री कुठलासा कॉलेजचा मुलगा व्हिडिओमागे ८०० रुपयांच्या बोलीवर एडिट करायचा आणि सकाळी हा ते डाउनलोड करून माझ्यापुढे ठेवायचा. तो गायब झाल्यावर कॉम्प्युटर उघडला, तर आत एकच प्रोजेक्ट फाइल. पहिल्या शूटचं फुटेज कसंही तोडून टाकलेलं. चार महिने तीच टाइमलाइन उघडून बसला होता नुसता! एमपीफोर म्हणजे तयार व्हिडिओ, त्यातली कॅप्शन सुटी करून बदलता येत नाही. दर आठवड्याला प्रोजेक्ट फाइल आणि फुटेज दोन्ही तुमच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. ‘मीडिया ऑफलाइन’ दिसलं तर माल तुमच्याकडे नाही.

खरा तमाशा पुढे. त्या मुलाचेही पैसे याने बुडवले होते. त्याने आमच्या यूट्यूब चॅनलवर कॉपीराइटचा दावा ठोकला, व्हिडिओ उडाला, स्ट्राइक (यूट्यूबचा ठपका) आला. नव्वद दिवसांत तीन झाले की चॅनलच जातं. मी वकिलांना म्हटलं, माझं फुटेज, माझा पगार, माझं यंत्र, मग हक्क त्याचा कसा? ते म्हणाले, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं मानतं, पण तो मुलगा तुमचा नोकर नाही आणि त्याने काही लिहूनही दिलेलं नाही. भांडता येईल, पण हंगाम निघून जाईल. शेवटी अठरा व्हिडिओंचे १४,४०० भरले. त्याने दावा मागे घेतला, प्रोजेक्ट फाइल्स पाठवल्या. त्या पोरावर माझा राग नाही. तोही माझ्यासारखाच नागवला गेला.

राग आहे तो बाकीच्यांवर. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “पगार तुम्ही स्वतः दिलात, व्हिडिओ तुम्हाला मिळाले, मग फसवणूक कसली? हा नोकरीचा वाद.” भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं, ३१६ विश्वासघाताचं. नोकराने मालकाची वस्तू लाटली तर सात वर्षांपर्यंतची शिक्षा त्यातच लिहिलीय. मी वाचून दाखवलं, तर हसून म्हणाले, “एका डिस्कसाठी एफआयआर?” मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथे विचारतात ओटीपी दिला का, लिंक दाबली का. नाही? मग ठाण्यात जा. कामगार कार्यालयात गेलो तर बाबूंनी वर न बघता सांगितलं, “मालकांच्या तक्रारी इथे नाहीत. उलट तोच थकलेल्या पगाराचा दावा करेल, जपून राहा.” ग्राहक आयोगाचं दार नोकरीच्या कराराला बंदच. सगळ्यांनी आधारची झेरॉक्स मात्र मागून घेतली. माझी!

पीएफ कापला जात होता म्हणणाऱ्या उमेदवाराला यूएएनच्या (पीएफच्या कायम नंबरच्या) खात्यातली नोकऱ्यांची यादी तुमच्यासमोर उघडायला सांगा. अनुभवपत्रावरचा नंबर लावू नका, कंपनीचा नंबर स्वतः शोधा. सॉफ्टवेअर, चॅनल, ड्राइव्ह सगळं कंपनीच्या ईमेलवर. आणि पहिल्या पगाराआधी उचल अजिबात नाही, आई आजारी असली तरी. क्रूर वाटतंय? माझे ३०,००० त्याच आजारपणात गेले.

आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज पाठवलाय. तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटपुढे जाणार. तोवर कुणाकडे अवजारांचे व्हिडिओ शोरीलमध्ये घालून एखादा मुलाखतीला आला, तर त्याला शेजारी बसवा आणि कॅप्शनमधला एक आकडा बदलायला लावा.