सेकंड हँड गाडी आणि काळा रंग : तीन वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

तीन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड गाडी घेतली, सात वर्षं वापरलेली, रंग काळा, आणि तोही सॉलिड काळा, म्हणजे ज्यात मेटॅलिकची चमचम अजिबात नसते तो. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही जुनी गाडी बघायला लागलं की मला एकदा तरी विचारतंच, डार्क कलर घेऊ का, मेंटेन होतो का, म्हणून म्हटलं सगळं एकदाच नीट लिहून काढू. इंजिन, मायलेज यातलं काही नाही, फक्त रंगाबद्दल.

आधीच सांगतो, मला हा रंग मनापासून आवडतो आणि पुढची गाडीपण गडदच घेणार. पण एक गोष्ट या तीन वर्षांत पक्की कळली की काळ्या गाडीचा रंग धुळीने खराब होत नाही, धूळ पुसणाऱ्या हाताने होतो. त्यामुळे जुनी काळी गाडी घेताना तुम्ही खरं तर आधीच्या मालकाचा हात विकत घेत असता, तो हात कसा होता हे बघता आलं पाहिजे.

मी ते बघितलं नव्हतं. गाडी दाखवली ती संध्याकाळी, शेडखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात, आणि नुकतीच पॉलिश केलेली. बोनेटमध्ये ट्यूबलाइट अगदी सरळ दिसत होती, एक रेघ नाही, काही नाही, बघून मन भरलं आणि व्यवहार झाला. मग दोन आठवड्यांत दोनदा शॅम्पूने धुतली आणि तिसऱ्या रविवारी दुपारी उन्हात उभी केली तर बोनेटवर सूर्याच्या भोवती कोळ्याचं जाळं! बारीक बारीक गोल रेघा, दरवाज्यांवर तेच, टपावर तर विचारूच नका. विकताना वर फिलरवालं ग्लेझ मारलेलं होतं, ते ओरखड्यांमध्ये भरून बसतं आणि काही धुण्यांत निघून जातं. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नाही, मी विचारलंच नव्हतं, पण राग यायचा तो आलाच.

या जाळ्याला स्वर्ल मार्क म्हणतात. ओरखडे खरं तर गोल नसतात, सगळ्या दिशांना असतात, पण उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल गोल दिसतात. पांढऱ्या गाडीवरपण तेवढेच असतात हो, फक्त पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसत नाही. काळ्यावर रेघेच्या कडेवरून उजेड उडतो आणि मागे पूर्ण अंधार असतो, लपणार कुठे ती.

तर घ्यायच्या आधी बघायचं कसं. गाडी धुतलेली आणि पूर्ण कोरडी पाहिजे (ओल्या गाडीवर काही म्हणजे काही दिसत नाही), आणि बघायची भर उन्हात. ऊन नसेल तर मोबाइलचा टॉर्च पॅनलच्या जवळ धरून हळूहळू फिरवायचा. मोठा ओरखडा दिसला तर त्यावरून नख आडवं फिरवा, नख अडकलं तर तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, अडकलं नाही तर बहुतेक निघतो. मालक हो म्हणाला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मायक्रोफायबरने बोनेटचा वीतभर तुकडा पुसून बघा, वॅक्स आणि बरंचसं ग्लेझ निघून खरा रंग दिसतो. मी आता ओळखीतल्यांच्या गाड्या बघायला जातो तेव्हा ही छोटी बाटली खिशात असते.

दुसरी गोष्ट रंगाची जाडी. कंपनीच्या रंगात पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतं आणि त्यात क्लिअर कोट जेमतेम 35 ते 50. जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. माझ्या गाडीवर बोनेटला 115, पुढच्या दरवाज्यांना 120-125 आणि मागच्या डाव्या दरवाज्याला 290. म्हणजे तो परत रंगवलाय. 290 ला घाबरायचं कारण नाही, पण आकडा 500, 800, हजार असा गेला तर आत पुट्टी आहे आणि तिथे ठोकाठोकी झालीय असं धरा. प्लॅस्टिकच्या बंपरवर नेहमीचं मीटर चालत नाही हे लक्षात ठेवा. मीटर नसेल तर दरवाज्याच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, दाराच्या कडेला आतून टेपची रेघ दिसते का, फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग तुटलाय का एवढं बघा. आणि हो, टपावर किंवा बोनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसले तर क्लिअर कोट गेलाय, कोणी कितीही सांगितलं की रबिंग करून देतो, होत नाही, ते पॅनल परत रंगवावंच लागतं.

आता गडदमध्ये कुठला घ्यावा. सॉलिड काळा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कडक मास्तर, काहीही माफ करत नाही. मेटॅलिक काळा त्यापेक्षा सोपा, कारण आतल्या ॲल्युमिनियमच्या कणांवरून उजेड आधीच विखुरतो आणि बारीक रेघा त्यात मिसळून जातात. दादाकडे डार्क ग्रे मेटॅलिक आहे, आठवडाभर न धुता तो शेजारी लावतो तेव्हा त्याची गाडी ठीकठाक दिसते आणि माझी कुठल्यातरी गोडाऊनमधून काढल्यासारखी. साधी गोष्ट आहे, धूळ मुळात करडी, करड्यावर करडं कोणाला दिसणार. गडद निळा मला मधला वाटतो, ढगाळ दिवशी जवळपास काळा आणि उन्हात एकदम खुलतो, स्वर्ल दिसतात पण काळ्याइतके अंगावर येत नाहीत. मरून किंवा गडद लाल जुना असेल तर टप आणि बोनेटचा रंग दरवाज्याशी ताडून बघा, आडव्या पॅनलवर ऊन सगळ्यात जास्त पडतं आणि लाल रंगाचे जुने पेंट उतरायला तिथूनच सुरुवात होते. अगदी जुनी गाडी असेल तर क्लिअर कोट नसलेला सिंगल स्टेज रंगपण असू शकतो. कोपऱ्यात कुठेतरी थोडं पॉलिश घासून बघा, फडक्यावर गाडीचाच रंग आला तर तो सिंगल स्टेज.

गरम होण्याबद्दल सगळे विचारतात. होते. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले लॅबवाल्यांनी एक काळी आणि एक सिल्व्हर अशा दोन सारख्या गाड्या तासभर उन्हात ठेवून मोजलं होतं, 2011 साली ते छापून आलं, तर सिल्व्हरचा टप काळ्यापेक्षा 25 अंशांपर्यंत थंड होता पण आतल्या हवेत फरक 5-6 अंशांचाच. कारण बरीचशी उष्णता काचांतून येते ना. माझा अनुभव तसाच आहे, बसताना त्रास सगळ्याच गाड्यांत होतो, पण काळ्या टपावर दुपारी हात ठेवून बघा, टेकवत नाही.

आणि या तापण्याचा खरा फटका माणसाला नाही, रंगाला बसतो. मागच्या वर्षी मी गाडी झाडाखाली लावून दोन दिवस गावाला गेलो. आलो तर टपावर पक्ष्याची शीट, वाळलेली. पाणी मारलं, पुसलं, गेली, आणि खाली तिचाच आकार राहिला, काठाला बारीक सुरकुतलेला, मध्ये मॅट. तापल्यावर क्लिअर कोट थोडा मऊ पडतो, वर शीट वाळून आखडत जाते, आणि रात्री थंड होताना पृष्ठभाग तसाच खडबडीत बसतो. अजून आहे तो डाग, पॉलिशने हलका झाला, गेला नाही. तेव्हापासून गाडीत एक पाण्याचा स्प्रे आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर कायम असतात. शीट दिसली की कापड भिजवून दोन-चार मिनिटं त्यावर ठेवायचं, मऊ झाली की उचलायची. घासायची नाही, उचलायची.

पाण्याचे डाग हे दुसरं दुखणं. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार थेंब सुकला की गोल पांढरी कडी ठेवून जातात, आणि तापलेल्या काळ्या पत्र्यावर थेंब सुकायला वेळ लागतोच कुठे. म्हणून उन्हात धुवायची नाही. सावलीत किंवा सकाळी लवकर, बोनेटला हात लावून थंड आहे बघून मगच पाणी. डाग पडलेच तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसायचं आणि लगेच साध्या पाण्याने धुवून टाकायचं, ताजे डाग जातात, जुने रंगात उतरलेले असतील तर मग पॉलिशच.

धुण्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. कोरड्या फडक्याने गाडी पुसायची नाही, कधीच नाही. रोज सकाळी कोणीतरी बादलीत फडकं बुडवून सगळ्या गाड्या पुसत जातं ना, तेच फडकं, तेच पाणी, दहाव्या गाडीपर्यंत त्या बादलीत नुसती वाळू असते आणि ती तुमच्या क्लिअर कोटवर घासली जाते. मी पुसणं बंदच करायला सांगितलं, गाडी धुळीची राहू दे, चालेल. पंखांचं किंवा धाग्यांचं डस्टरपण नको, फिरत्या ब्रशवालं मशीन वॉश तर अजिबात नको.

माझी पद्धत अशी : आधी पाइपने नुसतं पाणी, भरपूर, जेवढी माती हात न लावता जाईल तेवढी जाऊ दे. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि एकीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी जाळी. मायक्रोफायबरचा मिट (धुण्याचा हातमोजा) शॅम्पूत बुडवायचा, एक पॅनल करायचं, साध्या पाण्यात खळबळून माती सोडायची, मग परत शॅम्पू. टपापासून सुरू करून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, चाकांचं कापड वेगळं. हात गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत. भांड्यांचा साबण वापरू नका, वर लावलेलं वॅक्स काढून टाकतो. पुसताना मोठा जाड टॉवेल पॅनलवर अंथरून नुसता ओढून घ्यायचा, पाणी तोच पितो, दाबायची गरज नाही. आणि कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद, झटकून वापरायचं नाही, एक खडा पुरतो. सगळं मिळून तास-सव्वा तास लागतो. दर रविवारी मी हेच करतो आणि मला ते आवडतं.

पॉलिशिंगबद्दल. स्वर्ल काढणं म्हणजे ओरखड्याच्या खोलीपर्यंत क्लिअर कोट घासून खाली आणणं, दुसरं काही नाही. एका हलक्या पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, जोरात कंपाउंडिंग (जास्त खरखरीत पेस्टने घासणं) केलं तर जास्त. 40 मायक्रॉनच्या थरातून हे किती वेळा काढणार? जुन्या गाडीवर आधीच्यांनी किती वेळा रबिंग करून घेतलंय ते कोणाला माहीत. म्हणून मी डिटेलिंगवाल्याला (गाडीची सफाई-पॉलिश करणाऱ्याला) पहिल्यांदा जाडी मोजायला लावली, कडा आणि बॉडीच्या घड्यांवर मशीन फिरवू नका म्हटलं कारण तिथे थर सगळ्यात पातळ असतो, आणि शंभर टक्के नको, ऐंशी टक्के जाळं गेलं तरी पुरे असं सांगितलं. पॉलिशच्या आधी क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) मारला, हात फिरवल्यावर बारीक सँडपेपरसारखं जे लागायचं ते गेलं आणि पत्रा काचेसारखा गुळगुळीत झाला. तीन वर्षांत एवढं एकदाच.

वर सिरॅमिक कोटिंग आहे, म्हणजे रंगावर लावायचा कडक पारदर्शक लेप. चांगलं आहे, पाणी मोत्यांसारखं पळतं, धूळ पाण्याने लवकर सुटते, पण ते आहे एक-दोन मायक्रॉनचं, दगड उडाला तर काही अडवत नाही आणि चुकीच्या फडक्याने त्यावरपण रेघा येतात. न धुता चालेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दगडांसाठी पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती 150 ते 200 मायक्रॉन जाड असते आणि बऱ्याच फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने आपोआप भरतात. जुन्या गाडीला पूर्ण पीपीएफ करणं मला पटलं नाही, बोनेटची पुढची कडा आणि दारांच्या हँडलमागच्या वाट्या एवढ्याला लावली, नखांचे ओरखडे तिथेच येतात. हे काहीच करायचं नसेल तर दोन-तीन महिन्यांनी हाताने सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम संरक्षक लेप) लावा, तेवढंपण बऱ्यापैकी काम करतं.

पॅनल रंगवायची वेळ आली तर कलर कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली पट्टीवर असतो, तो द्या, पण नुसत्या कोडवर थांबू नका कारण जुन्या गाडीचा रंग उन्हाने बदललेला असतो. सॉलिड काळा जुळवायला तुलनेने सोपा, मेटॅलिकमध्ये कणांची दिशासुद्धा जुळावी लागते आणि शेजारच्या पॅनलवर रंग विरत न्यावा लागतो, तो वेळ पेंटर देणार आहे का ते आधी विचारा.

मार्क द्यायचे तर दिसण्याला पाचपैकी पाच, मेंटेनन्सला दोन, सेकंड हँड म्हणून घ्यायला साडेतीन, तेही उन्हात बघून घेतली तर. आठवड्याला तास देणं जमणार नसेल तर डार्क ग्रे मेटॅलिक घ्या, तुम्ही आणि गाडी दोघंही सुखी राहाल. माझ्या मागच्या डाव्या दरवाज्याचं म्हणाल तर तो नेहमीच्या उजेडात बेमालूम दिसतो, फक्त संध्याकाळी ऊन तिरकं आलं की संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो, मला आता तो सवयीचा झालाय आणि मी तो परत रंगवून घेणार नाहीये.